साबणाची दाढ

वाचकांचे प्रश्न : बारावी, नीट आणि पुढे

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की या सदराची टपाल पिशवी फुगते. मी समुपदेशक नाही, तालुक्याच्या गावात 27 वर्षं दवाखाना चालवणारी दंतवैद्य आहे. दुपारी दोन ते चार पेशंट नसतात, तेव्हा ही उत्तरं लिहिते. त्यामुळे त्यांत दातांचं जरा जास्त येणार, ते सांभाळून घ्या.

«मुलगी यंदा 94 टक्क्यांनी दहावी पास झाली. डॉक्टर व्हायचं म्हणते. आमची पाच एकर कोरडवाहू. सगळे सांगतात लातूरला टाका, तिचं म्हणणं तालुक्यातच राहते. गणित ठेवायचं की सोडायचं? आणि सगळ्यात आधी काय करायचं? आम्ही ओबीसी.» – एक वडील, धाराशिव जिल्हा

दादा, सगळ्यात आधी कागद. अभ्यास मुलगी करेल, कागद तुम्हालाच करायचे आहेत.

1991 साली माझ्या प्रवेशाच्या वेळी दाखल्यावर वडिलांच्या नावातला एक काना राहिला होता. एवढाच. खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवला आणि म्हणाला, नाव जुळत नाही. त्या एका कान्यासाठी अण्णांनी तहसीलला एसटीने तीन खेपा घातल्या. तिसऱ्या दिवशी साहेब रजेवर, शेवटची तारीख उद्यावर. काम झालं, पण अण्णांचा तो चेहरा मी विसरले नाही.

म्हणून आज रात्रीच मुलीची दहावीची सनद, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि तुमचा जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवा. नावं अक्षर अक्षर जुळवा, मराठीतही आणि इंग्रजीतही. चूक आता सापडली तर दोन वर्षं हातात आहेत, बारावीच्या जूनमध्ये सापडली तर दोन दिवस नसतात. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणीनंतर मिळतं ते जात वैधता प्रमाणपत्र वेगळं; पहिलं आहे म्हणून निवांत बसलेले पालक मी दरवर्षी बघते. चुलत्याला, आत्याला, वडिलांकडच्या कुणाला आधी वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत मागून घ्या, काम हलकं होतं. नॉन-क्रीमी लेयरच्या प्रमाणपत्राला मुदत असते, ते प्रवेशाच्या वर्षी चालू हवं. अधिवासाचा दाखलाही काढून ठेवा. राज्याच्या 85 टक्के जागांवर हक्क सांगायचा तर दहावी, बारावी महाराष्ट्रातली आणि अधिवास महाराष्ट्राचा, हे लागतंच. शासकीय कॉलेजांतल्या उरलेल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. त्यांची प्रवेश फेरी दिल्लीची समिती घेते. मुलीने दोन्हीकडे नोंदणी करायची.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात पाच एकर लिहिलंत म्हणजे विचारलंतच. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंटच्या जागेला ही माफी नाही. माफीत वसतिगृह, मेस, पुस्तकं येत नाहीत. दंतवैद्यकीला तर आणखी एक खर्च असतो, तो कुणी आधी सांगत नाही: हत्यारं मुलांनाच विकत घ्यावी लागतात. आरसा, प्रोब, कार्व्हर, पुढे दात कोरायच्या एअरोटरचा हँडपीस. माझ्या पहिल्या वर्षीच्या यादीसाठी आईची एक बांगडी गेली.

आता लातूर. लातूर पॅटर्नचं मला कौतुक आहे. तिथल्या मुलांची कसली जादू नाही, आठवड्याला पेपर आणि चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवल्याशिवाय सुटका नाही, एवढंच आहे ते. हे तालुक्यातही करता येतं, करवून घेणारं कुणी असलं तर. माझ्या ओळखीच्या दोन मुली एकाच वर्षी गेल्या. एक रमली. दुसरी दिवाळीला आली ती बॅग भरूनच, म्हणाली, खोलीत रात्री आठ वाजता सगळ्या जणी नुसत्या पुस्तकात डोकं घालून असतात, कुणी कुणाशी बोलत नाही, मला रडू येतं. तिला परत पाठवायचा हट्ट घरच्यांनी केला नाही, ते बरं केलं. तुमची मुलगी स्वतःहून राहते म्हणते आहे ना? मग तालुक्याच्या कॉलेजात जाऊन तीन गोष्टी बघा: जीवशास्त्राचे आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक कायमचे आहेत का, प्रयोगशाळेची कुलपं गंजलेली आहेत का, आणि गेल्या दोन वर्षांत तिथून कुणाचा नंबर लागला का. भौतिकशास्त्राला माणूस नसेल तर लातूर, बार्शी, सोलापूर, काहीही करा. त्या विषयाचं स्वतःचं स्वतः होत नाही.

नाव एका कॉलेजात, बसायचं क्लासमध्ये, प्रॅक्टिकलला फक्त सही, अशा व्यवस्थेपासून मात्र जपा. बारावीला भौतिक, रसायन, जीव मिळून 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 40, एवढे पडल्याशिवाय नीटचे गुण कागदावरच राहतात.

गणित नीटला लागत नाही. सोडलं तर वेळ वाचतो, पण लॉगॅरिथम, त्रिकोणमिती, आलेख यांच्याशी मैत्री ठेवावीच लागते, भौतिकशास्त्र त्यावरच चालतं. मी असते तर सोडलं असतं. मराठवाड्याला जागा कमी पडतात, ही जुनी तक्रार 70-30 च्या सूत्राची: 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, 30 बाकीच्या राज्याला. ते सूत्र 2020 साली रद्द झालं, आता ती काळजी नको.

«मॅडम, मी जळगाव जिल्ह्यातला. यंदा नीटचा दुसरा प्रयत्न, 400 गुण. भौतिक 30, रसायन 90, जीव 280. खुला प्रवर्ग. एमबीबीएस होणार नाही हे कळतंय. घरचे म्हणतात बीडीएस (दंतवैद्यकीची पदवी) घे, मित्र म्हणतात बीडीएस म्हणजे अर्धा डॉक्टर, आणखी एक वर्ष दे. बीडीएस घेऊन पुन्हा नीट देता येईल का?»

अरे, तुझ्या मित्रांपैकी किती जणांची अक्कलदाढ आली आहे? आली की समजेल अर्धा डॉक्टर म्हणजे काय ते.

तुझे गुण नीट बघू. भौतिकशास्त्रात 45 पैकी 45 सोडवलेस, 15 बरोबर, 30 चूक, असंच असणार. साठातून तीस गेले की तीस उरतात. बरोबरला 4 आणि चुकीला उणे 1, हे तुला पाठ आहे, तरी तू तीस वेळा अंदाज मारलास. जीवशास्त्राला 360 पैकी 280 म्हणजे वाचन चांगलं आहे. तिसरं वर्ष द्यायचं तर प्रश्न एकच: भौतिकशास्त्राचे हे 30 कशाने वाढणार? क्लास तोच, पुस्तक तेच, पहाटेचा गजर तोच असेल तर पुढच्या जूनला मला तू हेच पत्र लिहिशील. वेगळा माणूस शिकवणार असेल, रोज दोन तास हाताने गणितं सोडवणार असशील, तरच विचार कर. नुसतं «यावेळी जीव तोडून करीन» यावर वर्ष लावू नकोस.

आणि गुणांची तुलना गेल्या वर्षाशी करू नकोस. 2024 ला खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा 162 वर होती, 2025 ला ती 144 वर आली, कारण पेपरच अवघड होता. कॉलेजांच्या जुन्या कटऑफच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यांत गुण बघशील तर घाबरशील. राज्याच्या गुणवत्ता यादीत तुझा क्रमांक कितवा ते बघ, आणि गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीत तुझ्या प्रवर्गात कितव्या क्रमांकापर्यंत बीडीएसला जागा मिळाली, त्याच्याशी ताडून बघ. शासकीय डेंटल कॉलेज म्हटलं तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर. तिथे पोचणं तुला कठीण आहे. खासगीत बघ, पण फी बघून.

आता मुद्द्याचं. 1991 ला बारावीच्या गुणांवर प्रवेश व्हायचा, आणि माझं एमबीबीएस दोन गुणांनी हुकलं. बीडीएसला गेले ती तोंड पाडून. पहिल्या महिन्यात आमच्या हातात मेणाचा ठोकळा दिला, काडेपेटीहून लांबट, आणि लेक्रॉन कार्व्हर नावाचं एक हत्यार, एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला चमचा. त्या ठोकळ्यातून वरची पहिली दाढ कोरायची. चार उंचवटे, मधली खाच, आणि आतल्या बाजूला एक पाचवा छोटासा उंचवटा, कॅराबेलीचा. तो मला जमेना. सरांनी माझी दाढ हातात घेतली, फिरवून बघितली आणि तिच्या मधोमध पातं घालून दोन तुकडे केले. «परत.» वर्गासमोर. मेण संपलं, विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून रात्री खोलीवर अंघोळीचा साबण कोरला. पहाटेपर्यंत चार साबण. चौथ्यात तो पाचवा उंचवटा आला आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण दोन गुणांनी काही गमावलेलं नाही. खोलीतल्या मैत्रिणी महिनाभर त्या साबणांच्या कपच्यांनी कपडे धुत होत्या.

सांगायचं हे की बीडीएस कमी हुशारांसाठी नाही, हाताने काम करायला आवडणाऱ्यांसाठी आहे. तुझे हात त्यातले आहेत का, ते नीटच्या गुणांतून कळत नाही. म्हणून तूही एक साबण घे. एक दिवस कोरडा होऊ दे. नेटवर वरच्या पहिल्या दाढेचं पाच बाजूंनी काढलेलं चित्र मिळेल. आधी दोन बाजूंनी आकार पेन्सिलने काढ, बाहेरचं काप, मग उरलेल्या दोन. खाच सगळ्यात शेवटी. बिघडणार, बिघडू दे. बघायचं ते एवढंच: तासाभराने तू वैतागून उठलास की आईने जेवायला तीनदा हाक मारलेली तुला ऐकूच आली नाही.

दुसरं, आरशासमोर बस, मधे पुठ्ठा धरून हात झाक, आणि फक्त आरशात बघत कागदावर नाव लिही. वरच्या दाढांचं काम आम्ही असंच, उलटं बघून करतो. पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. तिसरं, गावातल्या कुठल्याही दंतवैद्याकडे जाऊन एक सकाळ कोपऱ्यात उभं राहायची परवानगी माग. वास, पेशंटच्या तोंडातून उडणारं पाणी, मान वाकवून केलेलं काम, सगळं बघ. माझी मान आता ढगाळ हवेत बोलते.

पैशाचंही खरं सांगते. पाच वर्षं झाली, चार शिक्षणाची आणि एक इंटर्नशिपची, की लगेच गाडी-बंगला होत नाही. मला पहिल्या दवाखान्यात महिन्याला 1500 रुपये मिळायचे. स्वतःची खुर्ची घ्यायला कर्ज काढलं, ते फिटायला सहा वर्षं लागली. एमबीबीएसवाल्यांना स्टेथोस्कोप घेऊन कुठेही बसता येतं, आपल्याला खुर्ची, कॉम्प्रेसर, नळ, सगळं लागतं. हे घरच्यांसमोर मांड आणि मग ठरव.

बीडीएस घेऊन पुन्हा नीट देता येते. पण पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन असं सगळं असतं, आणि दिवसभर हाताचं काम. मी दोन्ही जमवलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. शेवटच्या तारखेनंतर जागा सोडायची तर दंड असतो, तोवर मूळ कागद कॉलेजात. यंदाच्या प्रवेश माहिती पुस्तिकेतला तो भाग वडिलांना सोबत बसवून वाच.

पसंतीक्रम भरताना एक. लोक सांगतील, वर सोपं कॉलेज टाक म्हणजे नक्की लागेल. ऐकू नकोस. यंत्र वरून खाली बघत येतं, तुला मिळणारं सगळ्यात वरचं कॉलेज देतं. म्हणून मनापासून हवं ते वर, आणि जिथे जायचंच नाही ते यादीत घालूच नकोस. पहिल्या फेरीनंतर सोडायची मोकळीक कमी होत जाते. आणि «स्टेटस रिटेन्शन»चा अर्ज कुणी घाईत सही करायला दिला तर थांब. तो भरला म्हणजे «हीच जागा मला पुरे», पुढच्या फेऱ्यांतून तुझं नाव गेलं.

«माझं वय 31. नर्सिंगची नोकरी करते. आता नीट देता येईल का?» – पुणे

येईल. कमाल वयाची अट 2022 साली काढून टाकली. किमान वय 17, तुम्ही बसता त्यात. अकरावी-बारावीच्या पुस्तकांवर धूळ किती बसली आहे तेवढं बघा, आणि पगार थांबल्यावर साडेपाच वर्षं घर कसं चालेल ते.

«आम्ही बेळगावजवळच्या गावातले, घरात मराठी. मुलाची दहावी-बारावी कर्नाटकातली. महाराष्ट्रात एमबीबीएस किंवा बीडीएसला काही सोय आहे का?»

आहे, थोडी. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी काही मोजक्या जागा वेगळ्या राखून ठेवतात. प्रवेशाच्या पुस्तिकेत त्यांना एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) म्हणतात. गाव त्या यादीत आहे का ते पाहा आणि दाखल्याचा नमुना पुस्तिकेच्या मागे छापलेला असतो, तसाच, त्याच शब्दांत काढून घ्या. कर्नाटकच्या फेरीतही नाव घालून ठेवा. महाराष्ट्रातल्या जागा इतक्या कमी असतात की त्यांच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये.