खान्देशावरचा ब्राइट बँड: आधी अंतर मोजा, मग अर्ज करा

अमळनेरहून तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मुंबई रडारच्या चित्रांत खान्देशावरचा ब्राइट बँड, म्हणजे ठळक पट्ट्यासारखा दिसणारा बर्फ वितळण्याचा थर, शोधताय आणि काहीच सापडत नाही. माझंही घोडं इथंच अडलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी हवामान खात्यातला नाही, भौतिकशास्त्र शिकवतो. तेव्हा गाइडना विचारूनच पुढे जा.

तिथे तो दिसणारच नाही. जळगाव-अमळनेर मुंबईपासूनही ३०० किमीच्या पलीकडे आणि नागपूरपासूनही. किरण ०.५ अंशावर सोडला तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे ३०० किमीवर तो जवळपास ८ किमी उंचीवर असतो. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी ५ किमीच्या आसपास, आणि वितळण्याचा थर तिच्या लगेच खाली, जेमतेम काहीशे मीटर जाड. शिवाय एक अंशाचा किरण तिथवर जाईतो ५ किमी रुंद झालेला असतो. एवढ्या जाड पेनाने बारीक रेघ कशी काढणार?

हे गणित डेटासाठी अर्ज देण्याआधीच करायला हवं, कारण अर्जात फार जीव जातो. एका कार्यालयात (नाव घेत नाही) मी मूळ आकडे मागितले होते. कॉलेजचं पत्र दिलं, हमीपत्र दिलं, मग शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा पत्र. अख्खा पावसाळा गेल्यावर सीडी हातात पडली, तर तीत नुसती रंगीत चित्रं! एकेक रंग चार-पाच डीबीझेडचा (प्रतिध्वनीच्या ताकदीचं माप). वितळण्याचा अभ्यास ज्या बारीक चढउतारांवर चालतो, ते सगळे एकाच पिवळ्या रंगात बुडालेले. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "रडारचा डेटा मागितला, रडारचाच दिला." टेबलावरच्या माणसाला व्हॉल्यूम स्कॅन, म्हणजे सगळ्या उंचीकोनांतून घेतलेली पूर्ण नोंद, माहीत नसेल, मान्य. पण ज्याला माहीत होतं त्याच्यापर्यंत कागद जाऊच दिला नाही, याचा राग आजही जात नाही. तुम्ही अर्जात स्वच्छ लिहा: 'सर्व उंचीकोनांचा मूळ व्हॉल्यूम डेटा, चित्रे नकोत.' आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

खान्देशासाठी माझं मत विचाराल तर जमिनीवरच्या रडारचा नाद सोडा आणि पाऊस मोजणारा जीपीएम उपग्रह घ्या. २०१४ पासून त्याचं दोन फ्रिक्वेन्सींचं रडार वरून खाली बघतंय, त्यामुळे अंतराचा प्रश्नच उरत नाही. डेटा फुकट आहे आणि फाइलमध्ये ब्राइट बँडची उंचीही दिलेली असते. अडचण एवढीच की तो काही क्षणांत डोक्यावरून निघून जातो, सलग नोंद मिळत नाही.

दिवस निवडाल ते ऑगस्टच्या संथ झडीचे. मे-जूनच्या गडगडाटी ढगांत वर-खाली इतकी घुसळण असते की पट्टा नीट बनतच नाही. रावेर-यावलच्या केळीवर गारपीट झाली तो दिवस तर सोडूनच द्या.

आणि पट्ट्यातल्या आकड्यावरून पाऊस काढू नका. वितळू लागलेल्या हिमफुलावर पाण्याचा थर चढतो, रडारला तो भलामोठा थेंबच वाटतो. पुढे फूल मिटून खरा थेंब झाला की तो कितीतरी वेगाने खाली येतो, थेंब विरळ होतात आणि प्रतिध्वनी क्षीण होतो. नेहमीच्या सूत्राने १० डीबीझेडची वाढ म्हणजे पाऊस चौपट, आणि खाली चोपडा तालुक्यात मात्र नुसती भुरभुर!

पर्जन्यमापकाशी ताडून बघणार असाल तर रोजचा आकडा सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा असतो आणि उपग्रहाच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आधी त्यांत साडेपाच तास मिळवा.