केबलवाल्याच्या नेटवर यूट्यूब पळतं आणि ऑफिसचा कॉल अडकतो: हा नेट न्यूट्रॅलिटीचा भंग आहे का?

राजारामपुरीतल्या तुमच्या लाइनवर रात्री यूट्यूब मस्त चालतं, व्हिडिओ कॉल मात्र अडकतो, तर केबलवाला मुद्दाम करतोय का, असं तुम्ही विचारलंय. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या साइट-ॲपना सारखंच वागवायचं. तुमच्याकडे तिचा भंग होतोय का? बहुतेक नाही. मी कोल्हापुरात दुकानं-दवाखान्यांची नेटवर्कची कामं करतो, ही तक्रार कायमची आहे.

यूट्यूबचे गाजलेले व्हिडिओ लांबून येतच नाहीत. गूगल आपले कॅशे सर्व्हर, म्हणजे व्हिडिओच्या प्रती साठवणारे डबे, इंटरनेट कंपन्यांच्या जागेत बसवून देतं, नेटफ्लिक्सही देतं. तुमचा कॉल मात्र केबलवाल्याने विकत घेतलेल्या बँडविड्थवरून बाहेर जातो, आणि नऊनंतर अख्खी गल्ली त्याच पाइपवर असते. परवा शाहूपुरीत एका गिऱ्हाइकाकडे फोर-के व्हिडिओ सुरळीत चालू होता आणि शेजारच्या लॅपटॉपवर पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) चारशे मिलिसेकंदांवर नाचत होता. मध्यरात्रीनंतर तोच तीसवर आला.

ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) ८ फेब्रुवारी २०१६ चा नियम दरांपुरता आहे: साइट बघून डेटाचा दर कमी-जास्त ठेवायचा नाही. फेसबुकचं फ्री बेसिक्स, म्हणजे ठरावीक साइट फुकट दाखवणारी योजना, त्यातच गेलं. दंड दिवसाला ५०,००० रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. वेगाचं बंधन २०१८ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या लायसन्सच्या अटींत आलं: साइट अडवायची नाही, मंद करायची नाही, कुणाला पुढे काढायचं नाही. पण कॅशे-सीडीएनचं जाळं, म्हणजे वर सांगितलेले ते डबे, त्यातून वगळलंय. मला तरी ही पळवाट वाटते. पैसेवाला आपला डबा थेट कंपनीच्या दारात ठेवतो. इचलकरंजीतला नवा ॲपवाला कुठून ठेवणार?

खात्री करायची तर वायफाय सोडा, लॅन वायर लावा. रात्री दहाला एकदा साधा कॉल करा, लगेच मुंबईच्या सर्व्हरचा व्हीपीएन (तुम्ही काय वापरताय ते केबलवाल्यापासून झाकणारं ॲप) लावून पुन्हा करा. दोन्हीकडे तसाच रडला तर बँडविड्थच कमी पडतीय. व्हीपीएनवर एकदम सुधारला तर संशयाला जागा आहे, अर्थात डेटा जातो तो रूटच खराब असला तरी असं होतं. मग ज्या कंपनीच्या नावाने बिल येतं तिच्याकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, आणि दाद लागली नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे वेळ घालवू नका.

प्लॅनसोबत ओटीटीचं सबस्क्रिप्शन फुकट मिळालं तर चालतं. पण ‘या ॲपचा डेटा मोजत नाही’ असं कुणी सांगितलं, तर ते लेखी मागून घ्या. खरा भंग तो.