निनाच्या शेवटच्या वाक्याबद्दल

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. ‘ब्लॅक स्वान’ चित्रपटाच्या शेवटी बॅले नाचणारी निना ‘परफेक्ट’ म्हणते, तेव्हा तुला वाटलं की असंच नाचता यायला हवं, मग काहीही होवो. त्या ‘काहीही होवो’मुळे हे पत्र लिहायला बसले.

त्या शेवटाची भूल पडते, कारण त्याची रचनाच तशी आहे. संगीत चढत जातं, पडदा पांढराशुभ्र होतो, टाळ्या थांबत नाहीत. पण दिग्दर्शक अरोनोफ्स्कीनं आपल्याला सबंध चित्रपटभर निनाच्या डोक्यात कोंडून ठेवलंय. कॅमेरा तिच्या मानेमागून चालतो, जिकडेतिकडे आरसे, आणि तिला भासतं तेच आपण खरं मानतो. तेव्हा ‘परफेक्ट’ हा निकालही तिचा एकटीचा आहे, पोटात काच घुसलेल्या मुलीचा.

केकचा प्रसंग पुन्हा बघ. ‘स्वान लेक’ या बॅलेत पांढरी आणि काळी अशा दोन्ही हंसिणींची मुख्य भूमिका मिळाली म्हणून आई केक आणते. पोट ठीक नाही, अगदी छोटा तुकडा दे, असं निना म्हणते. आईचा चेहरा बदलतो, ती अख्खा केक कचऱ्यात टाकायला निघते. निना घाबरून माफी मागते, केकचं कौतुक करते आणि आईच्या बोटावरचं क्रीम चाटते. तिचं सगळं नृत्य मला या छोट्या प्रसंगात दिसतं. समोरच्याचा चेहरा बिघडू नये म्हणून ही मुलगी स्वतःची भूकसुद्धा बदलते. पांढऱ्या हंसिणीच्या भागात तिचं पाऊल चुकत नाही ते या भीतीमुळे. आणि प्रयोगाच्या दिवशी जोडीदाराच्या हातून निसटून ती पडते, तीही नेमकी त्याच भागात.

निनाचा बॅले बसवणाऱ्या थॉमसबद्दलही सांगायला हवं. नुसता ताबा पुरत नाही, स्वतःला सोडूनही द्यावं लागतं, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण ते शिकवण्याच्या नावाखाली तो तिच्याशी लगट करतो. बोलणं बरोबर असलं म्हणून माणूस गुरू होत नाही. असं कुणी भेटलं, आपल्या कथकच्या क्लासात किंवा बाहेर, तर त्याच दिवशी मला सांगायचं.

आणि तू ज्या नाचाला भुललीस तो एका शरीराचा नाहीच. निनाचं काम करणारी नाताली पोर्टमन लहानपणी बॅले शिकली होती. या भूमिकेसाठी तिनं सुमारे वर्षभर कसून तालीम केली, वजन उतरवलं, चित्रीकरणात बरगडीला इजा झाली. २०११ साली तिला ऑस्कर मिळालं, आणि ते योग्यच होतं. तरी अवघड नृत्यासाठी अमेरिकन बॅले थिएटरची नर्तिका सारा लेन होती, आणि काही ठिकाणी तिच्या शरीरावर संगणकानं पोर्टमनचा चेहरा बसवला. कोण किती नाचलं यावर पुढे जाहीर वादही झाला. निना एकटीकडून जे मागितलं गेलं, ते पडद्यावर नुसतं दाखवायलाही इतके हात लागले.

काळ्या हंसिणीच्या त्या ३२ गिरक्याही घे. १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानी या नर्तिकेनं त्या घेतल्या, कारण ती तिची खासियत होती. नंतर तो सगळ्यांनाच दंडक झाला. रशियन नर्तिका माया प्लिसेत्स्काया मात्र तिथे त्याऐवजी मंचभर वर्तुळात वेगळ्या गिरक्या घ्यायची. म्हणून ती कुणाला कमी वाटली नाही!

तू सुजलेल्या घोट्यावर चक्करांची संख्या वाढवते आहेस, हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. पुढचे पंधरा दिवस चक्कर आणि तत्कार म्हणजे पायांचं काम, दोन्ही बंद. क्लासला ये, बसून पढंत कर, म्हणजे बोल तोंडानं म्हण, ठुमरीचा भाव बसल्या बसल्या करू. त्याआधी हाडांच्या डॉक्टरांना घोटा दाखव आणि ते काय म्हणाले ते मला फोन करून सांग.

तुझी,
ताई