घरात परवान्याची दुनळी आहे आणि लहान मुलंही. स्मार्ट गन घेतली तर धोका टळेल, की आपलीच माहिती बाहेर जाईल?

तुम्ही लिहिलंय की बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात शेतातच घर आहे, वडिलांच्या नावावर पीक-राखणीच्या परवान्याची बाराबोरी दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) आहे आणि घरात दोन लहान मुलं आहेत. तुमच्यापुरतं सांगतो: स्मार्ट गनची, म्हणजे फक्त मालकाला ओळखूनच चालणाऱ्या बंदुकीची, वाट बघत बसू नका.

मुळात ती तुम्हाला मिळणारच नाही. अमेरिकेत बायोफायर कंपनीनं 2023 मध्ये जाहीर केलेलं, बोटाचा ठसा आणि चेहरा ओळखणारं पिस्तूल 9 मिमीचं आहे. आपल्याकडे 9 मिमी म्हणजे प्रतिबंधित बोअर (नळीचं बंदी असलेलं माप), डीसी ऑफिसच्या, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीच्या, साध्या परवान्यात ते बसत नाही. शिवाय उसात घुसलेल्या डुकरांपुढे पिस्तूल काय कामाचं? (पीक-राखणीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची वनखात्याची परवानगी नव्हे, हेही जाता जाता.)

आता तंत्राकडे. सेन्सर मालकाला ओळखतो आणि मग विजेवर चालणारी एक बारीक कळ चापाचा किंवा फायरिंग पिनचा (काडतुसावर आपटणाऱ्या खिळीचा) अडसर काढते. म्हणजे बिघडायच्या जागा दोन. पहिली ओळखण्याची. ज्यांचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर चारदा पुसून लावावा लागतो, त्यांचं बोट तुमच्याकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात बंदुकीवर कसं लागणार? कोयता-खुरप्यानं बोटावरच्या रेषा झिजतात आणि ओल्या बोटाचा ठसा सेन्सरला नीट वाचता येत नाही. सेन्सर कडक ठेवला तर मालकालाच अडवतो, ढिला ठेवला तर दुसऱ्यालाही सोडतो. हा तिढा कुठल्याच कंपनीला चुकलेला नाही, फक्त कमी-जास्त होतो.

दुसरी जागा अडसराची. आर्माटिक्स या जर्मन कंपनीचं आयपी1 हे .22 चं पिस्तूल सोबतचं घड्याळ मनगटावर असेल तरच चालायचं. 2017 मध्ये एका हॅकरनं नळीशेजारी साधे लोहचुंबक धरून ते घड्याळाशिवाय झाडून दाखवलं. चुंबकांचा खर्च सुमारे 15 डॉलर, पिस्तूल-घड्याळाची जोडी हजार डॉलरच्या वर. चोरानं बंदूक घरी नेली की त्याला वेळच वेळ असतो, म्हणून चोरीपासून बचाव हा दावा मी अर्धाच मानतो. मुलाच्या हाती लागण्यापासून बचाव मात्र खरा आहे. आणि मालकानंच रागात किंवा निराशेत चाप ओढला, तर यातलं काहीच आड येत नाही.

स्मार्ट गनच्या सक्तीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचं उदाहरण बघावं. तिथं 2002 मध्ये कायदा झाला की देशात कुठंही स्मार्ट पिस्तूल विक्रीला आलं की ठरावीक मुदतीनंतर राज्यात दुसरी पिस्तुलं विकायची नाहीत. परिणाम उलटा झाला. 2014 मध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका दुकानदारानं आयपी1 विकायचं ठरवलं, तर बंदूकवाल्यांनीच त्याला धमक्या दिल्या, कारण एक नग विकला की न्यू जर्सीतली मुदत सुरू. शेवटी 2019 मध्ये तो कायदा बदलावा लागला.

खासगीपणाचं म्हणाल, तर सरकारपासून लपवण्यासारखं तुमच्याकडे फारसं उरलेलं नाही. परवान्याचा युनिक नंबर, फोटो, पत्ता, बंदुकीचा नंबर हे सगळं राष्ट्रीय डेटाबेसमध्ये आहेच. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप येतो तो उगाच नाही. भीती धरायची ती यादी फुटण्याची. 2022 मध्ये कॅलिफोर्नियात सरकारी पोर्टलवरूनच पिस्तूल-परवानाधारकांची नावं, पत्ते, जन्मतारखा उघड्या पडल्या. चोरासाठी ती तयार यादीच. म्हणून पुढेमागे अशी काही वस्तू इथं आलीच तर दोनच गोष्टी विचारा: ठसा बंदुकीतच राहतो की कंपनीकडे जातो? आणि बंदूक कधी उघडली याची नोंद कोण वाचू शकतं? ॲप, ब्लूटूथ लागणार असेल तर मी घेणार नाही.

तोवर दुनळीचं असं करा. नळी जमिनीकडे ठेवून बंदूक बिजागरीत मोडून उघडा, दोन्ही काडतुसं काढा, नळ्यांच्या घरात बोट घालून रिकाम्या असल्याची खात्री करा. पुढचा लाकडी तुकडा काढला की नळी दस्त्यापासून सुटते. नळी एका कुलपात, दस्ता दुसऱ्या, काडतुसं तिसऱ्या. किल्ल्या एका जुडग्यात नकोत. चापाचं कुलूप लावायचं तर रिकाम्या बंदुकीलाच, भरलेलीला लावताना ते चापालाच ढकलू शकतं.

घरात ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक असेल तर जास्त सांभाळा. ठिणगी पाडणारी टोपी काढली म्हणजे ती रिकामी झाली असं नसतं. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडून नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून ठेवा. पुढं कधी गज सोडल्यावर ती खूण वर राहिली, तर आत बार (भरलेली दारू-छर्रे) आहे.

अंगठ्यानं उघडणारी तिजोरी घेणार असाल तर दुकानातच बंद करून मूठ फिरवत वरून दणकन बुक्की मारून बघा. स्वस्त तिजोऱ्यांतली विजेची खीळ हादऱ्यानं क्षणभर मागं सरते आणि दार उघडतं. घेतलेली तिजोरी आतून बोल्टनं भिंतीला ठोका. बंदूक कापडी खोळीत घालून आत ठेवू नका, पावसाळ्यात खोळ ओल धरते आणि नळीला गंज चढतो.