नवऱ्याची ट्रॅमाडॉलची गोळी सुटत नाहीये, घरच्या घरी बंद करता येईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना बोटीवर कंबरेला मार लागला तेव्हापासून ट्रॅमाडॉल ही दुखणं थांबवायची गोळी चालू आहे, आता तीन वर्षं झाली, आणि घरच्यांनी मिळून स्ट्रिप लपवली तर दुसऱ्या दिवशी घामाने भिजले, जुलाब लागले, रात्रभर पाय आपटत होते म्हणून परत दिली. परत दिलीत ते योग्यच केलंत. मी देवगडकडचा, हापूसच्या कलमावरून पडून मणक्याला मार बसला आणि हीच गोळी मी काही वर्षं खाल्लीय, आता पूर्ण सुटलीय.

एकदम बंद करू नका, आणि ते नाटक करतायत असं तर अजिबात समजू नका. अफूच्या जातीचं औषध रोज मिळालं की शरीर त्याच्यावर बेतूनच चालायला लागतं, डॉक्टरने लिहून दिलेली गोळी वेळच्या वेळी घेणाऱ्यालाही हे होतं. त्यात ट्रॅमाडॉल सेरोटोनिनवरही, म्हणजे मेंदूतल्या मूड सांभाळणाऱ्या रसायनावरही, काम करतं, त्यामुळे सुटताना नुसतं अंग मोडून येत नाही, जीव घाबरा होतो, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. साधारण १२ ते २४ तासांत त्रास चालू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, मग आठवडाभरात उतरतो. झोप आणि मूड लायनीवर यायला मात्र महिने जातात.

सगळ्यात जास्त माणूस अडकतो तो दुखण्यापाशी. गोळी कमी केली की कंबर जोरात दुखते, मग वाटतं बघा, दुखणं अजून आहेच, गोळी लागणारच. पण ही औषधं वर्षानुवर्षं घेतली की काही जणांचं अंग उलट जास्त दुखरं होतं, आणि डोस उतरला की काही दिवस तो त्रास वर येतो. मला फरक असा कळायला लागला की माझं मूळ दुखणं एका जागी होतं, वाकलो की यायचं, आणि हे दुसरं सगळ्या अंगभर, मांड्या, पाठ, कातडीसुद्धा, सोबत जांभयांवर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा. मिस्टरांनाही हे बघायला सांगा, मुरलेल्या कंबरदुखीने नाक गळत नाही. हे एकदा लक्षात आलं की ते दोन-चार दिवस काढायला धीर येतो.

कमी कसं करायचं ते डॉक्टरच ठरवणार, पण वर्षाच्या वर घेत असेल तर महिन्याला साधारण १० टक्के किंवा त्याहूनही हळू, असा हिशोब असतो. गोळीवर एसआर लिहिलं असेल तर मोडून अर्धी देऊ नका, ती हळूहळू विरघळायची असते, मोडली की सगळं औषध एकदम अंगात उतरतं. दिवसाला ४०० मिलीग्रॅमच्या वर जात असतील तर फिट यायचा धोका वाढतो, तेव्हा तर घरी प्रयोग नकोच. काहींना ब्युप्रेनॉर्फिन देतात, म्हणजे असली सवय सोडवायला डॉक्टर देतात ती जिभेखाली ठेवायची गोळी, लोक म्हणतात एक सोडून दुसरी धरली, मला ते बोलणं अजिबात पटत नाही, त्या गोळीवर माणूस उठून कामाला जातो.

तुम्ही राजापूरच्या, म्हणजे रत्नागिरी सिव्हिलचा मानसोपचार विभाग किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी तुम्हाला जवळ. मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक घाबरतात, गावातलं कोणी बघेल, पण असल्या त्रासाला मानसोपचारवालाच डॉक्टर लागतो. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. २०१८ पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठी नसेल तर मेडिकलवाला कधीही नाही म्हणेल आणि माणूस एका दिवसात परत त्याच हालात, त्यासाठीसुद्धा एक डॉक्टर धरून ठेवा.

आणि एक गोष्ट त्यांनाही नीट समजावून सांगा, डोस उतरला की शरीराची सवय पण उतरते. मध्ये बंद ठेवून मग कंटाळून जुनाच मोठा डोस घेतला तर श्वास बंद पडू शकतो. शिमग्याला, गणपतीत दारू होते ना, ती आणि ही गोळी एकत्र नको, झोपेची गोळी पण नको. कधी हाक मारून उठत नाहीत, श्वास अगदी मंद, ओठ निळे, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ लावा.

त्रासाच्या दिवसांत मऊ पेज मीठ घालून, पाणी भरपूर. कंबरेला फिजिओचे व्यायाम डोस उतरवायच्या आधीपासूनच चालू करा, मला त्याचा खूप उपयोग झाला.

पहिल्यांदा जाल तेव्हा रिकाम्या स्ट्रिपा, एमआरआय आणि बाकी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, डिप्रेशनची एखादी चालू असेल तर ती नक्की दाखवा, ट्रॅमाडॉलसोबत तिची रिॲक्शन होऊ शकते. आणि दिवसाला खरंच किती घेतात तो आकडा त्यांनाच सांगू दे, तुम्ही शेजारी बसा फक्त.