ताशाचे ‘हात’, दंडताल आणि गीत-गवई

9 जानेवारीला प्रवासी भारतीय दिन. मजूर म्हणून बोटीनं गेलेल्या आपल्या लोकांनी परमुलखात जपलेल्या, वाढवलेल्या कलांचा कार्यक्रम त्या दिवशी करायचा, असं ठरवून पुण्यातल्या चार वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत.

आमच्या पथकात चाळीस ढोल आणि बारा ताशे आहेत. त्रिनिदादचा ताशा आम्हाला वाजवता येईल का?
– एक वादक, सिंहगड रस्ता

येईल, पण त्यातले एकोणचाळीस ढोल त्या दिवशी घरी ठेवावे लागतील. त्रिनिदादचा ताफा चौघांचा असतो: दोन ताशे, एक ढोल, एक झांज. पहिल्या ताशाला तिकडे ‘कटर’ म्हणतात. सुरुवात, वळणं, तोडे सगळं त्याच्याकडे. दुसरा ताशा ठेका धरून बसतो आणि शेवटपर्यंत तो सोडत नाही. आपल्याकडे सगळे ताशे मिळून तर्री, म्हणजे काड्यांची सलग जलद थाप, देतात. तीच सवय तिथे नेली की दोघंही तर्रीच्या मागे लागतात आणि ठेका धरायला कुणी उरत नाही. म्हणून तुमचा सगळ्यात तयार ताशेवाला दुसऱ्या ताशावर बसवा. हे काम दिसतं सोपं, पण दहा मिनिटं एकाच लयीत न घसरता वाजवायला मनगट पक्कं लागतं.

ढोलाची पद्धत तुम्हाला ओळखीची वाटेल, एका पानावर (कातड्यावर) काठी, दुसऱ्यावर हात. फक्त तो आपल्यासारखा समेवर ठासून वाजत नाही. ताशाच्या बोलांमधल्या रिकाम्या जागा तो भरतो. एकाऐवजी चार ढोल घेतले तर त्या जागा बुजतात आणि कटर काय करतोय ते ऐकूच येत नाही.

एक गोष्ट मात्र पुणेकराला सुखावणारी आहे. तुम्ही ‘पहिला हात, दुसरा हात’ म्हणता ना? त्रिनिदादमध्येही ताशाच्या ठेक्याला ‘हँड’च म्हणतात. तरीही निवेदनात ‘पुण्याचा ताशा त्रिनिदादला गेला’ असं कृपया म्हणू नका. 30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ हे भारतीय मजुरांचं पहिलं जहाज तिथे लागलं, आणि त्यानंतर गेलेले बहुसंख्य मजूर कलकत्त्याहून चढलेले, भोजपुरी-अवधी पट्ट्यातले होते. त्यांच्याबरोबर गेलेला ताशा तिकडे लग्नातही वाजतो आणि मोहरमलाही. मोहरमला तिथे ‘होसे’ म्हणतात.

सुरात चढवण्याबद्दल: तिकडचा जुना ताशा म्हणजे मातीचं भांडं आणि बकऱ्याचं कातडं. वाजवण्याआधी तो जाळावर शेकतात. कातड्यातला ओलावा उडाला की ते ताणतं आणि आवाज चढतो. हवेतला दमटपणा पुन्हा शिरला की उतरतो. फार जवळ धरला तर कातडं कडेला फाटतं. सोसायटीच्या हॉलमध्ये जाळाच्या भानगडीत पडू नका. प्लास्टिकच्या पानाचा ताशा घ्या आणि बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं पाव-पाव फेरा आवळा. एका बाजूनं ओळीनं आवळत गेलात तर पान तिरकं ताणतं आणि दोन कडांना दोन वेगळे सूर लागतात.

सुरीनामच्या ‘बैठक गाना’साठी दंडताल हवा आहे. पुण्यात मिळेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

‘बैठक गाना’ म्हणजे तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांची बसून गायची मैफल, आणि दंडताल म्हणजे नालानं ठोकून वाजवायची उभी कांब. तयार शोधण्यात वेळ घालवू नका, करून घ्या. 10 ते 12 मिलिमीटर जाडीची, साडेतीन-चार फूट लांबीची गुळगुळीत पोलादी कांब लागते. बांधकामाची पिळाची सळई नको. तिच्या कंगोऱ्यांवर नाल अडकतो आणि आवाज खरखरीत येतो. साध्या लोखंडाचा नाद बसका असतो. भवानी पेठेत जुन्या लोखंडाच्या दुकानांत स्प्रिंग स्टीलची कांब मिळाली तर सोडू नका. खालचं टोक तापवून कडीसारखं वळवून घ्या, तिथे वेल्डिंग करून वेगळा तुकडा जोडू नका. आघातासाठी घोड्याचा नाल. खरा जुना नालही चालतो, फक्त कानसीनं धार मारून घ्या.

मांडी घालून बसायचं, कांब सतरंजीवर उभी ठेवायची. उघड्या फरशीवर ठेवली तर ती थरथरते आणि प्रत्येक ठोक्यामागे खडखड येते. डाव्या हाताची मूठ कांबीभोवती सैल. सगळी गंमत त्या मुठीत आहे: उघडली की ‘टिंऽ’, मिटली की ‘टक्’. एक लांब, दोन आखूड, एवढ्या साध्या ठेक्यानं सुरुवात करा. नवशिका हमखास मूठ घट्ट धरतो आणि मग नुसतंच ‘टक्-टक्’ ऐकू येतं.

बैठकीत वाद्यं तीनच: पेटी, ढोलक, दंडताल. पेटी गाणाराच वाजवतो. माइक गळ्याला, पेटीला आणि ढोलकला द्या. दंडतालाला देऊ नका, तो तसाच शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

महिला मंडळाला स्टेज नको, पण नाच-गाणं हवं. काय करावं?
– मंडळाच्या कार्यवाह, कोथरूड

मॉरिशसचं गीत-गवई. लग्नाआधी घरी, बायकांनी भोजपुरीत म्हणायची ही गाणी. 2016 साली युनेस्कोनं त्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या घाणा भरण्याची आठवण यावी असा विधी आहे. पाच सुवासिनी कापडात हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसे घेऊन निवडतात आणि तोवर बाकीच्या देवादिकांची गाणी म्हणतात. मग वर किंवा वधूची आई आणि ढोलकवाली वाद्यांची पूजा करतात. त्यानंतर गाणी चढतात आणि सगळ्याच नाचायला उठतात.

ढोलक एकच, बाकी तांब्या, थाळी आणि चमचे. थाळी हातात धरून वाजवा, मांडीवर ठेवली की नाद मरतो. वीस-पंचवीस जणींना वर्तुळात बसवा, खुर्च्या काढून टाका. आणि हा क्रम मोडू नका. वेळ वाचवायला थेट नाचाच्या गाण्यावर उडी मारली तर ते कुठलंही स्नेहसंमेलन होऊन बसतं.

गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर परमुलखात गेलेल्या मजुरांच्या, वंशजांच्या कविता मराठीत वाचायच्या आहेत. परवानगी लागते का?
– एक वाचक, औंध

मॉरिशसचे खाल तोराबुली आणि सुरीनामच्या सरनामी भाषेत लिहिणारे जित नारायण, या दोघांपासून सुरुवात करा. प्रकाशित कवितेचा माफक उतारा लोकांसमोर वाचायला आपला कायदा मोकळीक देतो. हौशी संस्थेनं फुकट प्रवेश ठेवून केलेल्या सादरीकरणालाही देतो. तिकीट लावलंत, अनुवाद छापलात किंवा चित्रफीत इंटरनेटवर टाकलीत, तर कवीची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी आधी घ्या. हक्क कवीच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं राहतो.

वाचताना मूळ भाषेतल्या दोन-चार ओळी आधी, मग मराठी. सरनामी ओळी हिंदी करून वाचू नका. आणि एक छोटी अडचण आधीच दूर करा. ‘गिरमिट’ म्हटलं की मराठी श्रोत्याच्या डोळ्यांसमोर सुताराचं भोक पाडायचं हत्यार येतं. कवितेआधी एका वाक्यात सांगून टाका, की हे ‘ॲग्रीमेंट’चं गिरमिट, त्या करारावर अंगठा उठवून गेलेल्यांच्या तोंडी रुळलेलं.