‘फ्लाय फिशिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : मित्रांसह काश्मीरमध्ये लिद्दर नदीवर आणि पुढे गंगाबल सरोवरावर ट्राउट मासे धरायला केलेल्या सहलीचे वर्णन लिहिताना ‘फ्लाय फिशिंग’साठी, म्हणजे गळाला नकली किडा लावून मासे धरण्याच्या प्रकारासाठी, ‘माशी-मासेमारी’ हा शब्द चालेल का?

माझ्या मते तो टाळावा. पहिली अडचण कानाची आहे. ‘माशी’चे अनेकवचन ‘माश्या’ आणि ‘मासा’चे सामान्यरूप ‘माशा’. त्यामुळे ‘माश्यांना’ आणि ‘माशांना’ ही रूपे लिहिताना यकाराने वेगळी राहिली, तरी बोलताना जवळजवळ सारखीच ऐकू येतात. या विषयावरच्या लेखात तर दोन्ही वारंवार येणार.

दुसरी अडचण अर्थाची आहे. माशी म्हटले की आपल्याला घरातली माशी आठवते आणि तीच गळाला टोचली असावी असे वाटते. प्रत्यक्षात गळाच्या आकड्यावर पिसे, केस आणि धागा गुंडाळून पाण्यावरच्या किड्याचा आभास निर्माण केलेला असतो. ‘आमिष’ हा शब्द लाक्षणिक अर्थाने चालेल. पण त्याचा मूळ संस्कृत अर्थ मांस असा आहे आणि येथे खाण्याजोगे काहीच नसल्यामुळे मला तो जरा खटकतो. ‘फ्लाय’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘पिसांचा नकली किडा’ असा खुलासा करावा.

‘मासेमारी’ या शब्दात उपजीविकेचा अर्थ मुरलेला आहे, आणि धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडणाऱ्यांना तर तो मुळीच शोभत नाही. त्याऐवजी कोकणातले ‘गरवणे’ हे क्रियापद घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवीन. गरी म्हणजे गळ, आणि गरीने मासे धरणे म्हणजे गरवणे; इतका नेमका आणि सुटसुटीत शब्द घरात असताना तो प्रमाण लेखनात क्वचितच दिसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एक बारकावा मात्र जपावा. साध्या गळाला लावलेले शिशाचे वजन दोर ओढून नेते; येथे फ्लाय पिसासारखी हलकी असल्याने जाड दोराचे स्वतःचे वजनच तिला पुढे नेते. म्हणून ‘गळ टाकला’ यापेक्षा ‘दोर फेकला’ असे लिहिणे क्रियेला धरून होईल. उदाहरणार्थ : ‘आम्ही दिवसभर लिद्दरवर फ्लायने गरवत होतो, दोर मागे पूर्ण उलगडू देऊन मग पुढे फेकला, तेव्हा कुठे पहिला ट्राउट गळाला लागला.’